नथू आचाऱ्याचा दहावा

साहेबांनी लग्नासाठी आयुष्यात एकच मुलगी पाहिली. कार्यक्रम लासलगावला होता. मुलगी आली, बसली, पोहे झाले, चहा झाला, आणि मुलीच्या मामांनी मोठ्या आशेने विचारलं, "मग साहेब, कशी वाटली आमची मुलगी?" साहेबांनी नीट विचार केला आणि म्हणाले, "टॉलरन्समध्ये आहे." पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. ही हकिकत ते स्वतःच आम्हाला सांगायचे आणि शेवटी दर वेळी खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणायचे, "अहो, मी तर कौतुक केलं होतं."

आणि ते खरंच कौतुक होतं. सातपूरला आमची कंपनी पंपांचे सुटे भाग बनवायची. मी ड्रॉइंग ऑफिसात होते आणि साहेब क्वालिटी कंट्रोलला. कागदावर जे माप काढलंय त्याच्या केसभर इकडेतिकडे झालं तर चालतं, त्याला टॉलरन्स म्हणायचं. चाललं नाही तर वस्तू लाल पेटीत. साहेबांच्या खिशात पेनाशेजारी व्हर्नियर, म्हणजे केसभर फरक दाखवणारी मापपट्टी, असायचा आणि तो फक्त कंपनीच्या मालासाठी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. कँटीनमध्ये प्लेटमधले दोन बटाटेवडे मोजून त्यातला एक त्यांनी "अंडरसाइज" म्हणून परत पाठवलेला मी पाहिलाय. आठवड्याभराने कँटीनवाल्याने घाबरून चांगले गलेलठ्ठ वडे दिले, तर तेही परत गेले. "ओव्हरसाइज," साहेब म्हणाले. कँटीनवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, या माणसाला जेवू घालायचं का सासरी पाठवायचं, तुम्हीच सांगा."

अशा माणसाच्या हातात एक खेळ पडला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. परदेशातून एक नवं मशीन आलं आणि ते बसवायला एक लालबुंद इंजिनियर आला. मशीनचा एक भाग बंदरातच अडकला, त्यामुळे तो दोन महिने नुसता बसून होता. बसून बसून त्याने साहेबांना एक खेळ शिकवला आणि जाताना त्याचं जाडजूड पुस्तक आणि विचित्र फासे देऊन गेला. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीत राहायला जातात. कोणी लढवय्या होतो, कोणी चोर, कोणी जादूगार. "समोर राक्षस आहे, काय करता?" असं गोष्ट सांगणारा विचारतो, आपण काय करतो ते सांगायचं आणि फासा टाकायचा. जमलं की नाही ते फासा ठरवतो. एवढंच. पण एवढ्यावर आम्ही चार माणसांनी कितीतरी वर्षांच्या सुट्ट्या घालवल्या.

चार म्हणजे गोष्ट सांगणारे साहेब आणि खेळणारे आम्ही तिघं. मी, स्टोअरमधला पिंगळे आणि लेथवरचा भामरे. पिंगळे पंचवटीतला, हसायला लागला की थांबायचा नाही. भामरे सटाण्याकडचा, बोलायला मोकळा, रडायला त्याहून मोकळा. कंपनीला शनिवारी सुट्टी असायची. सकाळी दहाला आम्ही साहेबांच्या घरी जमायचो, सिडकोतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर, बाहेर गच्ची. खाली घरमालकीण काकू राहायच्या. तीन पुरुषांत एक मुलगी वर जाते म्हटल्यावर पहिले काही शनिवार त्यांनी जिन्याच्या तोंडाशी बसूनच पालेभाजी निवडली. एकदा वर येऊन ऐकलं, तेव्हा मी "मी त्याचा गळा चिरते" असं म्हणत होते. त्यानंतर त्यांची काळजी मिटली.

साहेबांनी ते पुस्तक कंपनीचं स्टँडर्ड वाचावं तसं वाचलं. आधी फासे मोजले. वीस बाजूंचा फासा वाकडा निघाला म्हणून लाल पेटीत, आणि भामरेकडून लेथ-मिलिंगवर पितळेचा नवा करून घेतला. तो टाकला की खाली काकूंच्या छताचा पापुद्रा पडायचा. मग साहेब मरणाच्या प्रकरणाशी आले आणि अडकले. पुस्तकात लिहिलं होतं की खेळातलं माणूस मेलं तरी जादूने परत उठवता येतं, पुरेसं सोनं मोजलं की झालं. साहेब आठवडाभर अस्वस्थ होते. शेवटी लाल पेन्सिलीने त्यांनी ते पान उभं-आडवं खोडलं.

"रीवर्क जखमेवर होतं," ते म्हणाले. "मरणावर नाही. मेला तो मेला."

"मग सायेब, मेल्यावर लगेच नवा माणूस घेता येईल ना?" भामरेने विचारलं.

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने तेराव्याच्या जेवणात दुसऱ्यांदा बासुंदी मागितली. "लगेच? भामरे, माणूस गेलाय."

आणि मग नियम आले. "माझं पात्र मेलं" असं म्हणायचं नाही, "मी गेलो" म्हणायचं. ज्या शनिवारी कोणी जाईल त्या दिवशी खेळ तिथेच बंद, आणि गोष्ट सांगणाऱ्याने थंड पाण्याने आंघोळ करायची, कारण मारणारा शेवटी तोच. दहाव्या दिवशी सगळ्यांनी गच्चीवर जमायचं. भाताचा पिंड पत्रावळीवर ठेवायचा, मेलेल्याच्या राहिलेल्या इच्छा ओळखून एकेक आश्वासन द्यायचं, आणि कावळा शिवेपर्यंत ना नवा माणूस, ना खेळ. दर्भाचा कावळा करून शिववायचा नाही. कावळा आला नाही तर पुढच्या शनिवारी पुन्हा जमायचं, आणि येईपर्यंत जमत राहायचं.

साहेब देवधर्म करणारे मुळीच नव्हते. जन्म नाशकात काढून त्यांनी रामकुंडात बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. मी एकदा विचारलं, "साहेब, तुम्ही काही मानत नाही, मग कावळाच का?" तर म्हणाले, "फासा शेवटी माणूस टाकतो. हात हलतो, मन हलतं. कावळ्याला कोणी टाकत नाही. त्याच्याइतका निःपक्षपाती इन्स्पेक्टर मला दाखवा." नाशकात लहानपणापासून घाटावर लोकांची कावळ्यापुढची गयावया बघितलेली असते, त्यामुळे आम्हालाही हे पटलं. दुसऱ्या कुठल्या गावात हा नियम एक आठवडासुद्धा टिकला नसता.

पहिली मी गेले. माझी चोरटी बाई विहिरीत पडली. दहाव्याला गच्चीवर मी मोठ्या उत्सुकतेने बसले, की आता हे माझ्या कोणकोणत्या इच्छा ओळखतात बघू. पिंगळेने तोंड उघडलं, तेवढ्यात कावळा आला, शिवला आणि गेला. "ताईंना काय इच्छाच नव्हती," भामरे म्हणाला. मला त्याचा राग कितीतरी दिवस पुरला.

महिपतची गोष्ट मात्र मोठी झाली. महिपत म्हणजे भामरेचा बुटका. त्या पुस्तकात बुटक्यांची एक जातच होती, कुऱ्हाडीने लढणारी, दाढीवाली, दीर्घायुषी. भामरे चार वर्षं महिपत होता. एका पुलावर राक्षसाने त्याला खाली लोटलं, फासा एकवर पडला, आणि भामरे त्याच्या अहिराणीत जो ओरडला, "मना महिपत गया हो!" ते खाली काकूंनी ऐकलं आणि त्या पिठाच्या हातानेच वर धावल्या.

दहावा सोमवारी येत होता. भामरे रजेसाठी टाइम ऑफिसात गेला. तिथल्या कारकुनाने विचारलं, "कशाला रजा?" भामरे म्हणाला, "आमचा महिपत गेला. दहाव्याला बसायचंय." आणि बोलता बोलता त्याला खरंच रडू फुटलं. कारकून विरघळला. खुर्ची दिली, पाणी दिलं. "वय काय होतं हो?"

"एकशे चाळीस," भामरे हुंदके देत म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

कारकुनाला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय. त्याने मनानेच ऐंशी धरले आणि युनियनला कळवलं. सोमवारी पहिल्या पाळीच्या सुरुवातीला फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, "कै. महिपतराव भामरे यांना भावपूर्ण श्रद्धांजली." मशीनं बंद झाली. युनियनच्या सेक्रेटरीने चार शब्द सांगितले, की महिपतराव मनमिळाऊ होते, कुणाला कधी दुखावलं नाही, शांतपणे गेले. चार वर्षांत महिपतने जितकी मुंडकी उडवली होती त्यांचा हिशोब तिथे उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाच माहीत. मग सगळी कंपनी दोन मिनिटं उभी राहिली. पिंगळे तोंडात रुमाल कोंबून गदगदत होता, लोकांना वाटलं बिचारा फारच जवळचा. मी बुटांकडे बघत होते. आणि साहेब? साहेब मान खाली घालून, हात जोडून अगदी ताठ उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेर आल्यावर त्यांनी एकच तक्रार केली. "भाषणात चूक झाली. महिपत मनमिळाऊ नव्हता."

दुपारी अर्धी रजा टाकून आम्हीही गच्चीवर जमलो, पण कावळा काही येईना. आम्ही राक्षसाचा सूड घेऊ म्हणालो. महिपतची बकरी सांभाळू म्हणालो. कावळा तारेवर बसून पिसं साफ करत होता. ऊन कललं, भात सुकला. शेवटी पिंगळे उठला आणि खाली मान घालून म्हणाला, "महिपत, तुझी चांदीची कुऱ्हाड मी मागच्या वर्षी ढापली होती. ती मी तुझ्या भावाला परत देतो." कावळा सरळ येऊन शिवला. भामरे पिंगळेच्या अंगावरच धावला, "तू ढापली होय रे? मी तिच्यासाठी सगळा डोंगर शोधू राहिलो होतो!" साहेब मात्र हसत होते. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं.

दोन हजार साल उलटलं आणि कंपनी आजारी पडली. आधी ओव्हरटाइम गेला, मग एक पाळी गेली, मग आम्ही गेलो. भामरेला चाकणला काम मिळालं, पिंगळेला वापीला. माझं लग्न ठरलं आणि पुण्याला नोकरीही. साहेबांना या वयात कोण घेणार? ते इकडचंतिकडचं तपासणीचं काम करून भागवणार होते. पोटाची अडचण नव्हती. पण त्यांना जवळचं असं कोणी नव्हतं. आमच्यापलीकडे त्यांच्याकडे कोणी येतही नव्हतं, आणि आम्ही पांगलो की त्यांचा शनिवार रिकामा होणार होता. हे आम्हा चौघांनाही स्वच्छ माहीत होतं आणि त्यामुळे कोणीच ते बोलत नव्हतं.

निघण्याआधी आम्ही ठरवलं, उरलेले शनिवार तरी साहेबांना खेळवायचं. इतकी वर्षं त्यांनी फक्त गोष्ट सांगितली होती. आता गोष्ट मी सांगणार, खेळणार ते. साहेबांनी खूप आढेवेढे घेतले आणि मग एक आचारी निवडला. नथू आचारी. ना तलवार, ना जादू. भित्रा. राक्षस दिसला की नथू पिंपामागे. पण संध्याकाळी सगळ्यांना जेवण, आणि मीठ मोजून. साहेब नथूच्या आवाजात बोलायला लागले की वेगळेच व्हायचे. "अरे लेकरांनो, हात धुतले का?" असं आम्हाला विचारायचे. एरवी भामरेला "अहो भामरे" म्हणणारा माणूस!

शेवटच्या खेळात किल्ल्याच्या मुदपाकखान्याला आग लागली. भामरे आणि पिंगळे आत अडकले. मला वाटलं, नथू पळेल. साहेब म्हणाले, "नथू आत जातो." त्याने दोघांना ढकलून बाहेर काढलं. मग त्याच्या स्वतःच्या सुटकेसाठी साहेबांनी फासा टाकला. एक आला.

"साहेब, परत टाका," मी म्हणाले. "हात हलला तुमचा."

"परत टाका ना सायेब," भामरे म्हणाला.

साहेबांनी फासा उचलला आणि माझ्या हातात दिला. "नाही. मी गेलो." आणि मग नेहमीच्या आवाजात, "तुम्हाला आंघोळ करायला लागेल." म्हणजे मारणारी मी होते. काकूंच्या मोरीत थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली आणि काकूंचं नऊवारी लुगडं गुंडाळून वर आले. पिंगळे जो हसत सुटला तो भामरेने पाठीत रट्टा घातल्यावरच थांबला.

हा शेवटचाच खेळ, त्यामुळे दहाव्याला कावळा शिवला की सगळं संपलं. सगळे आपापल्या गावाला जायला मोकळे. पण कावळा शिवेना. सामान बांधून आलेले आम्ही आश्वासनं देऊन दमलो. मग पुढच्या सुट्टीला पुन्हा जमलो, त्याच्या पुढच्याला पुन्हा. भामरे चाकणहून एसटीने, पिंगळे वापीहून मिळेल त्या गाडीने, मी पुण्याहून, नवऱ्याला काय सांगायचं ते न कळून खरं तेच सांगून. नवऱ्याने मला फक्त विचारलं, "कोण लागतो हा नथू तुझा?" आम्ही नथूच्या भांड्यांना कल्हई लावू म्हणालो. त्याच्या नावाने अन्नछत्र काढू म्हणालो. भामरे दर खेपेला कुरकुरायचा, "लय झालं आता सायेब, इतक्या लांबून येऊ राहिलो, कावळ्याला काय लाज हाय का नाय?" साहेब गंभीरपणे म्हणायचे, "काहीतरी इच्छा राहिलीय त्याची."

एकदा मला ते दिसलं. पिंडाच्या बरोबर वर, कपडे वाळत घालायच्या दोरीला, एक काळा रबरी हातमोजा चिमट्याने लटकवलेला होता. बोटं खाली. वाऱ्यावर फडफडत होता. साहेब हातमोजे कधी वापरत नसत, मोजमाप उघड्या हाताने करतात. आणि तारेवर कावळे बसले होते, ते त्या मोज्याकडे बघून माना तिरक्या करत होते. जिन्यावर मी भामरेला हळूच सांगितलं.

"ताई, मी पयल्याच दिवशी पायलं," तो म्हणाला. "आमच्याकडं बाजरीत मेलेला कावळा टांगतात. मग दुसरे फिरकत नाय. सायेबांना मेलेला भेटला नसंल."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? सायेब आयुष्यात पयल्यांदा दोन नंबरचं काम करू राहिले. करू द्या की."

मी जिन्यावर बसले आणि तोंड दाबून हसले, आणि मला रडूही आलं. ज्या माणसाने एक वडा जरा लहान म्हणून परत पाठवला, तो आम्हाला बोलावून घ्यायला कावळ्याशी लबाडी करत होता.

पुढच्या खेपेला भामरेला मुलगी होऊन थोडेच दिवस झाले होते. रात्रभर जागून, उभ्याने प्रवास करून तो आला आणि पिंडासमोर बसल्याबसल्या झोपला. तोंड उघडं, मान छातीवर. साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग उठले, दोरीचा चिमटा काढला, मोज्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"इन्स्पेक्शनमध्ये राहून गेलं होतं," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "माझी चूक. बोला, काय बोलायचं ते. शिवेल आता."

साहेब पत्रावळीसमोर हात जोडून ताठ बसले, कंपनीत महिपतसाठी उभे होते तसेच. तारेवरचा एक कावळा कठड्यावर उतरला. मग फरशीवर. एक उडी, दोन उड्या. साहेबांनी डोळे मिटले. कावळ्याने चोच पुढे केली.

"हाऽऽड!"

भामरे झोपेतून उठला की मघापासून जागाच होता, देव जाणे. तो दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत कावळ्याच्या अंगावर गेला, चप्पल भिरकावली, ती पिंगळेला लागली. कावळा ओरडत तारेवर पळाला.

साहेबांनी डोळे उघडले. आधी भाताकडे पाहिलं, मग भामरेकडे. "भामरे, हे नियमात बसत नाही."

"नाय बसत, सायेब," भामरे धापा टाकत म्हणाला. "पण आमच्या नथूला मी असा नाय जाऊ देणार."

खालून काकूंनी हाक मारली, "अहो, शिवला का एकदाचा?"

साहेब उठून कठड्यापाशी गेले आणि खाली वाकले. "नाही शिवला!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की तारेवरचे सगळे कावळे उडून गेले.